ड्रॅक्युलाचा पगार

काळी केप, तेल लावून मागे चापून बसवलेले केस, एक हात हवेत वाकडा धरलेला आणि शब्द ओढत ओढत येणारं जड इंग्रजी. कुठल्याही फॅन्सी ड्रेसला एक तरी ड्रॅक्युला असतोच, आणि तो असाच असतो. गंमत अशी की ब्रॅम स्टोकरच्या १८९७ सालच्या कादंबरीतला ड्रॅक्युला असा नाहीच मुळी. तो म्हातारा आहे, त्याला लांब पांढऱ्या मिशा आहेत, तळहातावर केस आहेत. अशा माणसाला कुणी घरी जेवायला बोलावणार नाही. सूट आणि केप त्याच्या अंगावर चढवली ती नाटकवाल्यांनी. पण ती नजर, ती चाल, तो हात आणि मुख्य म्हणजे तो उच्चार, हे सगळं एका माणसाचं आहे. बेला लुगोसी. हंगेरीहून अमेरिकेत आलेला नट. १९५६ साली वारला.

आता मंडळी, मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षातल्या मुलीने सबमिशन सोडून याच्यावर का लिहावं? तर त्याला कारण आमची विंग. शनिवारी रात्री मेसचं जेवण झालं की एकीच्या लॅपटॉपभोवती आम्ही आठ-दहा जणी दाटीवाटीने बसतो आणि भयपट बघतो. ‘हॅलोवीन’ मालिका अशीच ओळीने चालली होती. पहिला भाग झाला, दुसरा झाला. तिसरा सुरू झाला (हा १९८२ चा), आणि अर्धा तास झाला तरी मुखवटेवाला मायकेल मायर्स येईना. त्याच्याऐवजी मुखवट्यांचा एक कारखाना आणि त्याचा वेडा मालक! मायकेल दिसतो तो फक्त सिनेमातल्या एका टीव्हीवर. निर्माते जॉन कार्पेंटर आणि डेब्रा हिल यांना दर वेळी हॅलोवीनच्या सणावर एक नवीनच गोष्ट सांगायची होती म्हणे. लोकांनी ती कल्पना झिडकारली, आणि १९८८ च्या चौथ्या भागात मायकेल परत आला. परत आलाय हे सिनेमाच्या नावातच घालून टाकलं, म्हणजे पुन्हा कुणी तिकीट परत मागायला नको.

आमच्या विंगमध्येही जाम आरडाओरडा झाला. मला मात्र प्रश्न पडला की हे असं पहिल्यांदा कुणी केलं असेल? आपला सगळ्यात प्रसिद्ध व्हिलन बाहेर ठेवून सिक्वेल काढायचा, हा उद्योग? शोधत गेले तर १९३६ सालच्या ‘ड्रॅक्युलाज डॉटर’पाशी पोचले. तो पहिलाच होता असा माझा दावा नाही. पण तिथे एक फरक आहे आणि त्या फरकानेच मला हा लेख लिहायला बसवलं. मायकेल मायर्स हा मुखवटा आहे. त्याच्या आत आज हा, उद्या तो. त्याला वगळलं म्हणून कुणाचं घर चालायचं थांबलं नाही. १९३६ मध्ये मात्र जो व्हिलन वगळला, त्याला चेहरा होता आणि त्या चेहऱ्याच्या माणसाला घराचे हप्ते होते.

आधी नावापासून. त्याचं खरं नाव बेला ब्लास्को. २० ऑक्टोबर १८८२ रोजी लुगोश नावाच्या गावी जन्मला. तेव्हा ते हंगेरीच्या राज्यात होतं, आता रुमानियात आहे आणि त्याला लुगोज म्हणतात. बनात प्रांतातलं हे गाव, शेजारी ट्रान्सिल्व्हेनिया. म्हणजे ड्रॅक्युलाचा हा खरोखरच गाववाला! हंगेरियनमध्ये गावाच्या नावाला शेवटी एक ‘ई’ जोडला की तिथला माणूस होतो. आपण सातारकर, नगरकर म्हणतो तसंच. तेव्हा लुगोशी म्हणजे सरळ मराठीत लुगोशकर. अमेरिकेत गेल्यावर ‘श’चा ‘स’ झाला. मी दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली असल्यामुळे माझ्या मराठीतल्या ‘ळ’चं आणि ‘ण’चं काय होतं ते हॉस्टेलला ठाऊक आहे, त्यामुळे उच्चारावरून माणूस ओळखला जाणं म्हणजे काय, ते मला पुस्तकातून वाचावं लागलं नाही.

वडील बेकरी चालवायचे, पुढे बँकेच्या धंद्यात शिरले. घर कॅथलिक आणि शिस्तीचं. चार भावंडांत बेला धाकटा. शाळेत त्याचं मन रमलं नाही, बारा वर्षांचा असतानाच तो शाळा सोडून बाहेर पडला. मिळेल ती अंगमेहनतीची कामं केली, आणि विसाव्या वर्षाच्या आसपास फिरत्या नाटक मंडळ्यांत शिरला. १९११ मध्ये बुडापेस्टला आला आणि १९१३ मध्ये तिथल्या राष्ट्रीय नाट्यगृहात त्याला नोकरी लागली. भूमिका बहुतेक छोट्या छोट्या. गावोगावच्या नाटकांत मात्र मोठी कामं केली होती, पॅशन प्लेमध्ये येशू ख्रिस्तसुद्धा झाला होता. त्याचा तो फोटो आहे. दाढी, लांब केस, काट्यांचा मुकुट. हाच माणूस पुढे क्रूस बघून तोंड झाकणार, हे तो फोटो काढणाऱ्याला स्वप्नातही आलं नसेल.

पहिल्या महायुद्धात तो पायदळात होता, रशियन आघाडीवर जखमी झाला. परत आल्यावर नाटकाबरोबर सिनेमातही कामं करू लागला. १९१७ मध्ये लग्न झालं. आणि मग १९१९ साल आलं. हंगेरीत बेला कुनचं साम्यवादी सरकार आलं, काही महिनेच टिकलं. त्या काळात आपल्या लुगोसीने नटांची संघटना उभी करण्यात पुढाकार घेतला. राष्ट्रीय नाट्यगृहातल्या नटालाही मजुरासारखंच शोषलं जातं, असं त्याचं म्हणणं होतं. सरकार पडलं, उलट बाजूच्या लोकांनी सूड घ्यायला सुरुवात केली आणि लुगोसी पळाला. आधी व्हिएन्ना, मग बर्लिन. १९२० मध्ये लग्नही मोडलं. मला वाटतं त्याचं पुढचं सगळं आयुष्य समजून घ्यायचं तर ही युनियनची गोष्ट विसरून चालणार नाही. पगाराचं भांडण त्याच्या आयुष्यात ड्रॅक्युलाच्या आधी आलं.

बर्लिनमध्ये थोडी कामं मिळाली. मुर्नाव या मोठ्या दिग्दर्शकाच्या एका सिनेमात तो बटलर होता. त्याच मुर्नावने पुढे १९२२ मध्ये ‘नॉस्फेराटू’ काढला, ड्रॅक्युलाचीच चोरून केलेली आवृत्ती. त्यात लुगोसी नव्हता, कारण तोपर्यंत तो अमेरिकेत होता. १९२० च्या डिसेंबरमध्ये एका मालवाहू जहाजावर खलाशी म्हणून काम करत तो न्यू ऑर्लिन्सला उतरला. वय अडतीस, इंग्रजी जवळजवळ शून्य.

न्यूयॉर्कमध्ये त्याने हंगेरियन लोकांसाठी हंगेरियन नाटकं केली. १९२२ मध्ये इंग्रजी नाटकात पहिलं मोठं काम मिळालं, ‘द रेड पॉपी’. संवाद अर्थाने नव्हे, नादाने पाठ केले असं त्याच्याबद्दल सांगतात. व्हायव्हाच्या आदल्या रात्री आपण थिअरम पाठ करतो, तसंच. पण त्याचं पाठांतर स्टेजवर चाललं! शब्द ओढणं, भलत्याच ठिकाणी थांबणं, अर्ध्या वाक्यात सूर खाली नेणं. दुसऱ्या कुठल्याही नटाचं यात नुकसानच झालं असतं.

१९२७ मध्ये मात्र हेच त्याचं भांडवल ठरलं. हॅमिल्टन डीनचं ‘ड्रॅक्युला’ नाटक इंग्लंडात चाललं होतं. जॉन बाल्डरस्टनने ते अमेरिकेसाठी नव्याने बेतलं, आणि ५ ऑक्टोबर १९२७ रोजी ब्रॉडवेच्या फुल्टन थिएटरमध्ये पडदा उघडला. ड्रॅक्युला होता लुगोसी. २६१ प्रयोग झाले, मग दौरे. चव्वेचाळिसाव्या वर्षी, म्हणजे आपल्याकडे लोक पीएफचा हिशोब सुरू करतात त्या वयात, हा माणूस स्टार झाला. बायका त्याला पत्रं पाठवत. ड्रॅक्युलाच्या मिशा गेल्या आणि त्याच्यात एक आकर्षण आलं ते इथून.

युनिव्हर्सल स्टुडिओने सिनेमा काढायचं ठरवलं तेव्हा त्यांच्या डोक्यात लुगोसी नव्हता. लॉन चॅनी हा मूकपटांच्या जमान्यातला भयपटांचा राजा होता, पण तो ऑगस्ट १९३० मध्ये कॅन्सरने वारला. नंतरही बरीच नावं निघाली. लुगोसी मात्र मागे लागला होता. स्टोकरची विधवा फ्लॉरेन्स स्टोकर हक्कांसाठी भरपूर पैसे मागत होती. तिने किंमत कमी करावी म्हणून याने मध्यस्थी केली, पत्रं लिहिली. शेवटी व्यवहार ४०,००० डॉलरला ठरला. स्टुडिओचे पैसे वाचवून दिल्यावर आपलाही काही विचार होईल असं त्याला वाटलं असावं. तो विचार असा झाला: आठवड्याला ५०० डॉलर, सात आठवडे. एकूण ३,५०० डॉलर. त्याच सिनेमात हिरोचं पुचाट काम करणाऱ्या डेव्हिड मॅनर्सला आठवड्याला २,००० मिळत होते!

जो माणूस मागे लागतो त्याला कमी मिळतं. कॅम्पसचा सीझन जवळ आला की आमचे सीनियर हेच सांगतात: गरज चेहऱ्यावर दिसू द्यायची नाही. लुगोसीच्या चेहऱ्यावर बाकी सगळं उमटायचं, हेही उमटलं.

सिनेमा टॉड ब्राउनिंगने दिग्दर्शित केला. मशिनवाल्यांना आवडेल अशी एक गोष्ट सांगते. एकाच सेटवर दोन शिफ्ट चालत होत्या. दिवसा इंग्रजी सिनेमा, आणि रात्री तोच सेट वापरून दुसऱ्या नटांचा स्पॅनिश सिनेमा. डबिंगचं तंत्र तेव्हा रुळलं नव्हतं ना. रात्रपाळीवाल्यांना दिवसपाळीचं चित्रण बघायला मिळायचं, त्यामुळे त्यांनी कॅमेरा जास्त हुशारीने फिरवला. स्पॅनिश आवृत्ती तांत्रिकदृष्ट्या सरस आहे असं बरेच जाणकार म्हणतात. दोन्ही पाहिल्यावर मलाही ते पटलं. पण स्पॅनिश ड्रॅक्युला जिन्यावर आला की हसू येतं, आणि लुगोसी आला की येत नाही. त्याच्या डोळ्यांवर बारीक प्रकाशाचे झोत सोडलेत, बाकी काही नाही. सुळेही दाखवलेले नाहीत. हो, खरंच, लुगोसीच्या ड्रॅक्युलाला सुळे दिसत नाहीत, बघून घ्या. रक्तही जवळजवळ नाही. पार्श्वसंगीतही नाही म्हणण्याइतकंच. निव्वळ शांतता आणि तो माणूस.

फेब्रुवारी १९३१ मध्ये सिनेमा लागला आणि तुफान चालला. महामंदीचे दिवस होते, त्यात युनिव्हर्सल तरलं. त्याच वर्षी लुगोसी अमेरिकेचा नागरिक झाला. स्टुडिओने लगेच ‘फ्रँकेन्स्टाइन’ काढायचं ठरवलं आणि राक्षसाचं काम याच्याकडे आलं. टेस्टही झाली. पण त्या भूमिकेला संवाद नव्हते, चेहरा मेकअपखाली गाडलेला. दिग्दर्शक बदलला, लुगोसी बाहेर पडला, आणि ते काम बोरिस कार्लोफ या अनोळखी इंग्रज नटाला गेलं. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. कार्लोफ स्टार झाला, त्याचा भाव लुगोसीपेक्षा वर गेला आणि कायम वरच राहिला. दोघं एकत्र आले ते सिनेमे, १९३४ चा ‘द ब्लॅक कॅट’ किंवा १९३५ चा ‘द रेव्हन’, आजही बघण्यासारखे आहेत. पण जाहिरातीत कार्लोफचं नाव वर.

लुगोसीचा हात सढळ होता. बुडापेस्टचे मित्र, संगीत, जेवणावळी. हिशोब त्याला कधी जमला नाही. ‘ड्रॅक्युला’ लागून दोन वर्षंही झाली नव्हती, तेव्हाच, १९३२ मध्ये, त्याने दिवाळं जाहीर केलं. कामं मात्र मिळत होती, आणि मिळेल ते तो घेत होता. १९३३ मध्ये लिलियन आर्च या हंगेरियन वंशाच्या मुलीशी लग्न केलं. हे चौथं, मधली दोन थोडक्यात आटोपली होती. त्याच वर्षी हॉलिवूडच्या नटांची स्क्रीन अ‍ॅक्टर्स गिल्ड स्थापन झाली आणि लुगोसी तिच्या अगदी सुरुवातीच्या सभासदांत होता. युनियनमुळे देश सोडावा लागलेला माणूस नव्या देशात पुन्हा युनियनमध्ये. याला मी भोळेपणा म्हणणार नाही.

आता त्या सिक्वेलकडे येऊ. शेजारच्या एमजीएमच्या डेव्हिड सेल्झनिकने १९३३ मध्ये फ्लॉरेन्स स्टोकरकडून ‘ड्रॅक्युलाज गेस्ट’ या कथेचे हक्क घेतले आणि बाल्डरस्टनकडून ड्रॅक्युलाच्या मुलीवर कथा लिहून घेतली. पुढे त्याने ते सगळं युनिव्हर्सलला विकलं, अट घालून: अमुक तारखेच्या आत शूटिंग सुरू झालं नाही तर हक्क परत. युनिव्हर्सलने ‘फ्रँकेन्स्टाइन’वाल्या जेम्स व्हेलला दिग्दर्शक नेमलं, आर. सी. शेरिफने पटकथा लिहिली. त्या पटकथेत ड्रॅक्युला होता, म्हणजे लुगोसीला काम होतं. मध्ययुगातला, दरबार भरवणारा ड्रॅक्युला. पण सेन्सॉरच्या कचेरीने आवृत्तीमागून आवृत्ती परत पाठवली. हिंसा फार, सूचकपणा फार. व्हेल सोडून गेला. दुसरा दिग्दर्शक आला, तोही गेला. शेवटी लॅम्बर्ट हिल्यर आला आणि गॅरेट फोर्टने नवी पटकथा लिहायला घेतली. ड्रॅक्युलाचे प्रवेश या मारामारीत छाटले गेले. फेब्रुवारी १९३६ मध्ये मुदत संपत आली म्हणून पटकथा पूर्ण नसतानाच कॅमेरा सुरू केला. आपण सबमिशनच्या आदल्या रात्री फाइल सुरू करतो तसलाच प्रकार, फक्त इथे खर्च सुमारे २ लाख ७८ हजार डॉलरवर गेला.

सिनेमा सुरू होतो तो पहिला भाग जिथे संपला तिथेच. शवपेटीत ड्रॅक्युला, छातीत खुंटी. शेजारी प्रोफेसर, आणि पोलीस त्यालाच खुनाबद्दल पकडतात. (हा विनोद मला फार आवडला. भुताला मारलं हे कोर्टात सिद्ध कसं करणार?) पेटीतला ड्रॅक्युला म्हणजे लुगोसीसारखा दिसणारा मेणाचा पुतळा. मग ग्लोरिया होल्डन येते, काउंटेस मारिया झालेस्का, ड्रॅक्युलाची मुलगी. ती बापाचं प्रेत पळवते आणि रानात चिता रचून जाळून टाकते, आपला शाप सुटावा म्हणून. झालं. खलनायकाचा कायमचा बंदोबस्त, आणि तोही सिनेमाच्या सुरुवातीलाच.

पुढचा सिनेमा तिचा आहे. तिला व्हँपायर राहायचंच नाही. ती चित्रकार आहे, एका मानसोपचारतज्ज्ञाकडे जाते, इच्छाशक्तीने ही सवय सुटेल का म्हणून विचारते. सुटत नाही. चित्रासाठी मॉडेल म्हणून बोलावलेल्या मुलीचा बळी जातो. शेवटी तिचाच नोकर मत्सराने तिच्या काळजात बाण मारतो. स्पष्ट सांगते, सिनेमा वाईट नाही. मधला विनोद पकाऊ आहे, पण होल्डनचा चेहरा विसरता येत नाही. व्यसन सोडू पाहणाऱ्या बाईची गोष्ट म्हणून तर तो पहिल्यापेक्षा खोल आहे. मला ‘हॅलोवीन ३’सुद्धा आमच्या विंगला वाटला तितका वाईट वाटला नव्हता. व्हिलन काढला की लेखकाला नवीन काही सुचतं, हे तर खरंच आहे.

आणि लुगोसी? सिनेमा सुरुवातीला त्याला धरून आखला होता, त्याच्याशी बोलणी झाली होती, तो थांबून राहिला होता, प्रसिद्धीचे फोटोही काढून दिले. त्यामुळे स्टुडिओने त्याला पैसे दिले. किती? ४,००० डॉलर. म्हणजे ‘ड्रॅक्युला’ केल्याचे ३,५०० आणि ‘ड्रॅक्युला’ न केल्याचे ४,०००! हा आकडा वाचला तेव्हा मी दोनदा तपासला. उभ्या आयुष्यात या भूमिकेचा त्याला योग्य वाटावा असा मोबदला मिळाला, तो त्याला बाहेर ठेवल्याबद्दल.

पण हे पैसे पुरणारे नव्हते. मार्च १९३६ मध्ये कर्ज फेडता न आल्यामुळे युनिव्हर्सल लेमली कुटुंबाच्या हातून गेलं. नव्या मालकांना भयपट नको होते. इंग्लंडात भयपटांविरुद्ध वातावरण तापलं होतं, १९३७ मध्ये तिथे त्यांच्यासाठी वेगळं ‘एच’ सर्टिफिकेटच काढलं. मे १९३६ मध्ये लागलेला ‘ड्रॅक्युलाज डॉटर’ हा त्या लाटेतला शेवटच्यांपैकी एक. मग दोन वर्षं सगळं बंद. कार्लोफने इतर भूमिका मिळवल्या. लुगोसीला कोण देणार? त्या उच्चाराचा अमेरिकन पोलीस होत नाही, डॉक्टर होत नाही, बाप होत नाही. बँकेने घर घेतलं. जानेवारी १९३८ मध्ये मुलगा झाला तेव्हा बाळंतपणाचा खर्च सिनेकलावंतांच्या मदतनिधीतून करावा लागला.

सुटका झाली ती स्टुडिओच्या कृपेने नाही. ऑगस्ट १९३८ मध्ये लॉस एंजेलिसच्या रेजिना थिएटरच्या मालकाने, धंदा बुडत आला म्हणून, ‘ड्रॅक्युला’, ‘फ्रँकेन्स्टाइन’ आणि ‘सन ऑफ काँग’ असे तीन जुने सिनेमे एका तिकिटात लावले. रांगा लागल्या, पोलीस बोलवावे लागले. लुगोसी स्वतः तिथे जाऊन प्रेक्षकांसमोर उभा राहिला. युनिव्हर्सलने लगेच दोन्ही सिनेमे देशभर पुन्हा लावले. लुगोसीला त्यातला एक सेंटही नाही. रॉयल्टी वगैरे करारात नव्हतंच. पण १९३९ चा ‘सन ऑफ फ्रँकेन्स्टाइन’ निघाला आणि त्याला इगोरचं काम मिळालं. स्टुडिओला त्याला एका आठवड्यात ५०० डॉलरवर गुंडाळायचं होतं. दिग्दर्शक रोलंड ली याने चिडून इगोरचं काम वाढवत नेलं आणि त्याला शूटिंगभर ठेवून घेतलं. अशी माणसंही असतात. मोडलेली मान, दात पुढे, घाणेरडी दाढी, आणि डोळ्यात मिश्कीलपणा. माझ्या मते ही त्याची सर्वांत चांगली भूमिका आहे, ड्रॅक्युलापेक्षाही. तो इथे मनापासून मजा करतोय हे दिसतं. त्याच वर्षी ग्रेटा गार्बोच्या ‘निनोच्का’मध्ये त्याने एक छोटा रशियन अधिकारी केला, सरळसाधा, भुताखेताशिवाय. म्हणजे जमत होतं की!

पण तशी कामं पुन्हा आली नाहीत. चाळीसचं दशक मी भराभर उरकते, कारण ते बघवत नाही. मोनोग्रामसारख्या स्वस्त कंपनीसाठी नऊ सिनेमे. १९४३ मध्ये, साठीला आल्यावर, एकदाचा तो फ्रँकेन्स्टाइनचा राक्षस झाला, तर त्याचे सगळे संवाद एडिटिंगमध्ये कापले आणि राक्षस आंधळा झालाय हेच प्रेक्षकांना कळेना. नुसताच हात पुढे करून चाचपडत चालतो. युनिव्हर्सलने ड्रॅक्युला परत आणला खरा, पण १९४३ मध्ये तो लॉन चॅनी ज्युनिअरला दिला, आणि १९४४-४५ मध्ये जॉन कॅरडिनला. लुगोसीला शेवटी १९४८ मध्ये बोलावलं, ‘अ‍ॅबट अँड कॉस्टेलो मीट फ्रँकेन्स्टाइन’ या विनोदी सिनेमात. चक्क झकास काम केलंय, विदूषकांच्या मध्ये उभं राहून एकदाही डोळा न मारता. युनिव्हर्सलसाठी ड्रॅक्युला त्याने एवढाच केला. दोनदा. सतरा वर्षांच्या अंतराने.

याच काळातली एक गोष्ट मात्र घाईत सोडायची नाही. दुसऱ्या महायुद्धात तो लोकशाहीवादी हंगेरियन-अमेरिकनांच्या संघटनेचा अध्यक्ष होता, आणि १९४४ मध्ये हंगेरीतल्या ज्यूंना वाचवा म्हणून सभेत बोलला. स्वस्त सिनेमांच्या शूटिंगमधून वेळ काढून. त्याच्या चाहत्यांच्या गप्पांत हे फारसं निघत नाही.

पाठीच्या-पायाच्या जुन्या दुखण्यावर, सायटिकावर, डॉक्टरांनी मॉर्फिन दिलं होतं. ते सुटलं नाही. १९५३ मध्ये लिलियन सोडून गेली. एड वुड नावाचा एक हौशी, कफल्लक दिग्दर्शक तेवढा काम देत राहिला. त्याच्यावर लोक हसतात, पण फोन तोच करत होता. एप्रिल १९५५ मध्ये बहात्तर वर्षांच्या लुगोसीने स्वतःहून अर्ज केला की मला व्यसन आहे, मला दाखल करून घ्या. तेव्हा हॉलिवूडमध्ये असं उघडपणे कुणी बोलत नसे. वर्तमानपत्रांत फोटो आले, हाडांचा सापळा झालेला. ऑगस्टमध्ये बरा होऊन बाहेर पडला आणि होप लिनिंजर या बाईशी लग्न केलं. दवाखान्यात असताना ती त्याला पत्रं लिहायची. ड्रॅक्युलाच्या मुलीला इच्छाशक्तीने जे जमलं नाही, ते या म्हाताऱ्याला जमलं असं म्हणावं का? जमलं, वर्षभर. १६ ऑगस्ट १९५६ रोजी हार्ट अटॅकने तो घरीच गेला.

पुरताना त्याच्या अंगावर ड्रॅक्युलाची केप होती. ही त्याची इच्छा होती असं सगळीकडे लिहितात, पण निर्णय लिलियन आणि मुलाचा होता.

मुलगा बेला ज्युनिअर वकील झाला. युनिव्हर्सल बापाचा चेहरा खेळण्यांवर, मुखवट्यांवर, टी-शर्टवर छापायचे हक्क विकत होतं. मुलाने आणि होपने मिळून खटला भरला. १९७२ मध्ये खालच्या कोर्टात जिंकले. १९७९ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरवला: आपल्या चेहऱ्याचा धंदा करण्याचा हक्क माणसाबरोबर संपतो, वारसांकडे जात नाही. पुढे १९८५ पासून त्या राज्यात कायदा झाला आणि मृत कलावंतांच्या वारसांना तो हक्क मिळाला. त्यामुळे लुगोसीचा चेहरा छापायचा असेल तर त्याच्या घरच्यांची परवानगी लागू लागली, आणि त्याचे पैसे द्यावे लागू लागले.